कोळशाच्या डब्याची मागची बैठक

१२ जानेवारी

प्रिय शास्त्रीबुवा,

इंजिन झालं. अकरा वर्षं प्रत्येक नातेवाइकाने भेटल्याबरोबर प्रकृतीऐवजी 'झालं का?' एवढंच विचारलं, म्हणून आधी तेच लिहितो. रविवारी अंगणात ठोकळ्यांवर चढवून पेटवलं. नोव्हेंबरच्या चाचणीत वाफ थोडी कमी पडत होती, तो दोष काढला. आता वाफ धरते, शिट्टी वाजते. समोरच्या बाईंनी ती आपल्या कुकरची समजून गॅस बंद केला आणि त्यांचं जेवण कच्चं राहिलं, त्याला मी जबाबदार नाही.

आता प्रश्न कोळशाच्या डब्याचा. आम्हा छोट्या आगगाड्या बनवणाऱ्यांच्या मंडळात त्याला वाघीण म्हणतात. तुम्ही जन्मभर कॉलेजात संस्कृत शिकवलंत, तेव्हा सोपं करून सांगतो. इंजिन गुडघ्याएवढं उंच, रूळ पाच इंची. इंजिनात माणूस मावत नाही. तो बसतो मागच्या डब्यावर, पाय दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर. डब्याच्या पुढच्या पेटीत कोळसा. तिथूनच हात लांबवून चिमुकल्या फावड्याने भट्टीत कोळसा टाकायचा, तिथूनच वाफेची कळ फिरवायची. डबा चुकला तर चालवणारा एक तर भट्टीपर्यंत पोचत नाही, किंवा भट्टीतच पोचतो.

दोन डबे नजरेत आहेत. एक आमच्या मंडळातल्या दंतवैद्यांनी बनवलेला. अतिशय देखणा. मूळ गाडीच्या डब्याची हुबेहूब लहान प्रत, रिव्हेट अन् रिव्हेट जागच्या जागी. त्यावर एकाला बसता येतं. दुसरा तुमच्या गावात आहे. तिथले एक घड्याळजी वारले, त्यांच्या पत्नीला त्यांचा डबा विकायचा आहे. त्याला दोन बैठका आहेत म्हणे. मला तो पटेलसं वाटत नाही, पण आमचे चिटणीस म्हणतात, तुलना केल्याशिवाय निवड केली असं म्हणता येत नाही. तेव्हा जाऊन मापं घ्या आणि लिहून कळवा. फोनवर तुम्ही मापं सांगता सांगता हसता.

मार्चच्या पहिल्या रविवारी मंडळाच्या नव्या रुळांचं उद्घाटन आहे. पहिली गाडी माझी ठरली आहे.

तुमचा,
भावोजी

ता. क. ही तुमच्याकडे आहेच, तर विचारा, कोळसा चाळायची गाळणी कुठे ठेवली. केव्हा येणार तेही विचारा, सवडीने.


२० जानेवारी

भावोजींना नमस्कार, आणि इंजिनाला वेगळा.

अभिनंदन. त्याच अकरा वर्षांत मी एका ग्रंथावर अर्धी टीका लिहिली. ती अजून शिट्टी देत नाही. आपल्या पाणीपुरवठा खात्याच्या निवृत्तीचं सार्थक झालं. माझ्या निवृत्तीचं काय होणार ते दिसतंच आहे.

आपलं पत्र मी ताईला मोठ्याने वाचून दाखवलं. 'वाघीण' हा शब्द मात्र तेवढा 'डबा' असा वाचला. बायको माहेरी असताना नवऱ्याच्या दोन वाघिणी नजरेत आहेत, हे वाक्य भावाने बहिणीला ऐकवावं असं मला वाटलं नाही.

घड्याळजींच्या घरी आम्ही दोघं गेलो. अरुंद जिना, वर एक लांब व्हरांडा, आणि त्या व्हरांड्यात आपला डबा. कोळशाच्या पेटीत बाईंनी कोथिंबीर लावली आहे, आणि बैठकीवर बसून त्या मटार सोलत होत्या. मी डब्याभोवती एक आदरयुक्त प्रदक्षिणा घातली. बाई म्हणाल्या, "बघताय काय? बसा. बघायची वस्तू नाही ती." बसलो. डबा अर्धा हात पुढे सरकला, मी पडद्याला धरलं, पडदा दांडीसकट खाली आला. ताई हसली. आल्यापासून पहिल्यांदाच. त्या एका गोष्टीसाठी मी आणखी दोन पडदे पाडायला तयार होतो.

मापं अशी: लांबी माझ्या तीन छत्र्या आणि वर एक वीत. रुंदी माणसाची. उंची इतकी की बसल्यावर आपण राजे नाही हे कळतं, पण दीनही वाटत नाही. चाकं आठ. हाताचा ब्रेक आहे. रंग सरकारी दवाखान्यातल्या कपाटाचा. पुढच्या बैठकीची गादी झिजलेली, मागची त्याहून जास्त.

मी मोजत असताना ताई मागच्या बैठकीवर बसली. पाय पट्टीवर नेमके टेकले. मग ती उठेचना. बाईंनी तिला चहा तिथेच नेऊन दिला, जणू गाडी कुठल्या तरी स्टेशनात थांबली आहे.

गाळणीविषयी तिचं म्हणणं: "ज्या दिवशी कोळशाला दिली त्या दिवसापासून ती माझी राहिली नाही. त्यांनाच माहीत." केव्हा येणार, हा प्रश्न मी आपल्या सूचनेप्रमाणे सवडीने विचारला. ती म्हणाली, "चहा थंड होतोय तुझा."

एक शंका. तिच्या सामानात कॅनव्हासचे पांढरे बूट आहेत, कोरे. रोज सकाळी ते घालून ती फिरून येते. मी विचारलं, हे कधी घेतलेस? "एका कार्यक्रमासाठी घेतले होते. तिथे लागले नाहीत." कोणता कार्यक्रम, हे आपल्याला ठाऊक असावं.

आपला,
शास्त्रीबुवा


२९ जानेवारी

प्रिय शास्त्रीबुवा,

छत्री हे माप नाही. मी काही प्रश्न वेगळ्या कागदावर काढून पाठवले आहेत. त्यांची उत्तरं आकड्यांत द्या.

काल मंडळाची सभा झाली. विषय एकच, माझा डबा. अध्यक्ष म्हणाले, ज्या जातीचं इंजिन त्याच जातीचा डबा हवा, नाहीतर बघणाऱ्यांची दिशाभूल होते. एका सभासदाने विचारलं, बघणारे कोण? त्यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी ठरलं की बघणारे म्हणजे आपणच. अध्यक्षांचं स्वतःचं इंजिन अजून व्हायचं आहे. त्यांची शिट्टी तयार आहे आणि ती ते प्रत्येक सभेत आणतात. मग दंतवैद्यांनी भिंग फिरवून प्रत्येकाला रिव्हेट दाखवले. एक रिव्हेट जरा तिरका निघाला, तर ते म्हणाले, मूळ गाडीतही तो तिरकाच होता, माझ्याकडे पुरावा आहे. असा माणूस पुन्हा होणे नाही.

दोन बैठकांच्या डब्याला पूर्वज नाही. मूळ गाडीत कोळशावर कोणी जोडीने बसत नसे. तेव्हा दंतवैद्यांचाच डबा घ्यावा असं मन होत आहे. तरी मापं पाठवा, म्हणजे नाकारायला आधार मिळेल.

बुटांचं मला ठाऊक नाही. चाचणीच्या दिवशी हिने नवे बूट घातले होते खरे. मला वाटलं, मैदानात चिखल असतो म्हणून.

ती चाचणी तुम्ही पाहायला हवी होती. मंडळाचा नियम असा आहे की माणूस बसवण्याआधी तेवढ्याच वजनाची वाळू बसवून गाडी फिरवायची. मी त्या दिवसापुरता मंडळाचा लांब डबा मागून घेतला होता. मागच्या बैठकीसाठी वजन नेमकं हिच्याएवढं हवं होतं. विचारलं असतं तर हिने कमी सांगितलं असतं. म्हणून आदल्या दिवशी कोळशाच्या काट्यावर हिला उभं केलं, 'काटा बरोबर आहे का बघतो' म्हणून. त्या मापाची दोन पोती भरली. पोत्यांचे सुटे धागे चाकात जाऊ नयेत म्हणून वर हिची करडी शाल गुंडाळली. वाळू अगदी शहाण्यासारखी बसली. वळणावर कलली नाही, 'हळू चालवा' म्हणाली नाही. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा सगळे पोट धरून हसले. मंडळाच्या पत्रिकेत फोटोही छापून आला. एक प्रत सोबत पाठवतो. शाल छान आली आहे.

तुमचा,
भावोजी


५ फेब्रुवारी

भावोजी,

फोटो मिळाला. आपण इंजिनामागे ताठ बसला आहात, मुद्रा जग जिंकल्याची. आपल्या मागे शाल. खाली ओळ छापली आहे: 'इंजिनाचे निर्माते व त्यांच्या सुविद्य पत्नी.'

सुविद्य पत्नीला डोकं नाही, हे फोटो काढणाऱ्याच्या लक्षात आलं नाही, संपादकांच्या आलं नाही, आणि जिने डोळे फाडून रिव्हेट पाहिले त्या विद्वत्सभेतल्या एकाच्याही आलं नाही. आमच्या न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करतात. आपल्या मंडळाने शालीवरून पत्नीचं केलं. शास्त्र बरंच पुढे गेलेलं दिसतं. पण छापील पुरावा मानायचा तर आपली पत्नी वाळूची आहे आणि आपल्याच घरी आहे. मग माझ्याकडे गेला महिना-दीड महिना राहते आहे ती बाई कोण, हे मला शोधून काढलं पाहिजे.

शोधलं. आपण पाठवलेल्या प्रतीवर मीही भिंग फिरवलं. फोटोच्या उजव्या कडेला, कुंपणाच्या पलीकडे, हातात थर्मास धरून एक बाई उभी आहे. पायांत कोरे पांढरे बूट. ती माझी बहीण आहे.

हा फोटो ताईला दाखवावा की नाही, अशा विचारात मी होतो. ती आतूनच म्हणाली, "दाखवू नकोस. माझ्याकडे आहे." डिसेंबरात पत्रिका आली त्याच दिवशी तिने बॅग भरली होती. आपल्याला म्हणाली होती, 'भावाकडे जाऊन येते.' त्यावर आपण काय म्हणालात, आठवतं? 'येताना त्याच्याकडचा स्प्रिंगचा काटा आण.'

आता मूळ मुद्दा. इंजिनाची फक्त दोन चाकं झाली होती आणि ती जेवणाच्या टेबलावर पडलेली असत, त्या काळी आपण तिला म्हणाला होतात, 'हे धावलं की पहिली फेरी तुझी.' आपण विसरला असाल. आपल्या डोक्यात तेव्हा तिसरं चाक होतं. ती विसरली नाही. तेवढ्या एका वाक्यावर तिने मागची खोली सोडली, गाळणी सोडली, रंग भाजायला ओव्हन दिला, चार दिवस सगळं घर रंगाच्या वासात जेवलं. मग त्या फेरीसाठी तिने बूट घेतले. आणि फेरी झाली वाळूची.

ती रागावली आहे का, असं आपण विचाराल. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती परत जायचं नाव काढत नाही आणि माझ्या पुस्तकांवरची धूळ पुसते, अगदी लांबचा मुक्काम ठरल्यासारखी. आपण मात्र एका बैठकीचा डबा घ्यायला निघाला आहात. घ्यावा, देखणाच आहे. पण तो घेतला की तिला बसायला जागाच उरत नाही, एवढं आपल्यासारख्या आकडेवाल्या माणसाला मी सांगायला नको.

आपल्या प्रश्नांची उत्तरं आकड्यांत सोबत जोडली आहेत. मोजताना ताईने पट्टी धरली.

शास्त्रीबुवा


१४ फेब्रुवारी

शास्त्रीबुवा,

पत्र दोनदा वाचलं. भिंग माझ्याकडे जास्त ताकदीचं आहे. तीच आहे.

पण वस्तुस्थिती समजून घ्या. न तपासलेल्या गाडीवर मी हिला बसवणार नव्हतो. वाळू सांडली तर पुन्हा भरता येते. हे तेव्हाच सांगायला हवं होतं असं आता वाटतं, पण तेव्हा माझं सगळं लक्ष वाफेकडे होतं. ते 'शहाण्यासारखी बसली' वगैरे मी लोक हसावेत म्हणून म्हणालो. कुंपण इतकं जवळ असेल असं वाटलं नाही.

शनिवारी दंतवैद्यांचा डबा जोडून पाहिला. बसलो. गुडघे कानांशी आले. चिटणीस म्हणाले, "वा! चित्रासारखं दिसतंय." एक फेरी मारली. वळण आलं तशी मान मागे करून मी म्हणालो, "घट्ट धर." स्कूटरवर वळणाला नेहमी म्हणतो तसं तोंडातून गेलं. मागे डब्याची कड आणि त्यापुढे नुसते रूळ. चिटणिसांनी विचारलं, कोणाशी बोलता? मी म्हणालो, इंजिनाशी. त्यांना ते फार आवडलं. आता ते पत्रिकेत छापणार आहेत.

घरी आल्यावर हिशेब करून पाहिला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मागच्या बैठकीवर वजन असेल तर चाकं रुळांना जास्त धरून राहतात आणि ब्रेक अधिक चांगला लागतो. म्हणजे दोन बैठकांचा डबा तांत्रिकदृष्ट्या श्रेष्ठ आहे. हे निव्वळ तांत्रिक कारण आहे, तुमच्या पत्राचा त्याच्याशी संबंध नाही. तरी घड्याळजींच्या पत्नींना तो डबा माझ्यासाठी राखून ठेवायला सांगा. रंग मी बदलून घेईन. दंतवैद्यांना नाही म्हणून कळवलं. त्यांनी डबा कापडात गुंडाळून परत नेला, लहान मूल न्यावं तसा.

गाळणी सापडली. ओट्याखाली तिच्या जागीच होती. मीच तिथे पाहिलं नव्हतं.

भावोजी


२० फेब्रुवारी

भावोजी,

आपलं ब्रेकविषयीचं तत्त्वज्ञान वाचलं. फार गहन आहे. पत्नी शेजारी हवी असं म्हणायला जिथे लोकांना एक वाक्य पुरतं, तिथे आपण अख्खा हिशेब मांडलात. उत्तर तेच आलं, म्हणून गुण पूर्ण दिले आहेत.

पण एक वाईट बातमी. डबा विकला गेला.

आपलं पत्र हातात पडताच मी धावत घड्याळजींच्या घरी गेलो. (धावत म्हणजे माझ्या वयाला आणि पोटाला शोभेल इतपत.) बाई म्हणाल्या, "उशीर केलात. परवाच दिला." मी विचारलं, कोणाला? "ज्याला बसायचं होतं त्याला. तुमच्यासारखे बघणारे पुष्कळ येऊन गेले." मी फार विनवणी केली. मी आपलं वर्णनही केलं, बरंच सुधारून. बाई बधल्या नाहीत. कोथिंबीर मात्र मला दिली.

त्यांच्याकडून एक नवलाची गोष्ट कळली. मी इतके दिवस समजत होतो की घड्याळजी गाडी चालवायचे आणि बाई मागे बसायच्या. उलटंच होतं. कोळसा टाकायच्या, कळ फिरवायच्या त्या बाई. घड्याळजी मागे. ते म्हणायचे, दिवसभर मी दुसऱ्यांची यंत्रं चालू करून देतो, रविवारी मला कोणीतरी चालवून न्यावं. म्हणून मागची गादी जास्त झिजली. मी आपल्याला तिचं वर्णन लिहिलं होतं, पण अर्थ लावला नव्हता. टीकाकाराचं असंच होतं.

घरची हकीकत विचाराल तर ताई ठीक आहे. हल्ली ती रोज दुपारी घड्याळजींच्या पत्नींकडे जाते. काय करता, असं विचारलं की "गप्पा" म्हणते. पण माझ्या बैठकीच्या खोलीत काही समजेनासं चाललं आहे. तिच्या त्या बुटांच्या खोक्याला समोरून अंड्याएवढं भोक पाडलं आहे. ती दोन हात अंतरावर पाटावर बसते आणि एका लांब चमच्याने त्या भोकातून वाळलेले वाटाणे आत टाकते. आधी मागच्या कोपऱ्यांत, मग कडांना, मध्ये सगळ्यात शेवटी. खोक्याच्या काठाला वाटाणा लागला की स्वतःवरच चिडते. परवा मी म्हणालो, "ताई, वाटाणे शिजवून खातात." ती म्हणाली, "बोलू नकोस, दाब उतरेल."

मी माझ्या टीकेकडे परतलो आहे.

आपला,
शास्त्रीबुवा


२२ फेब्रुवारी

अहो,

डबा मी घेतला आहे. सोमवारी टेम्पोने पोचेल. मी आदल्या दिवशी येते. रंग बदलायचा नाही.

भावाने तुम्हाला सगळं लिहिलं असेल आणि वर अलंकार चढवले असतील. ते काढून टाकल्यावर जे उरतं ते खरं धरा. पण एक गोष्ट त्यालाही माहीत नाही. मी वाळूवर रागावले नव्हते. फोटोवरही नाही, तो नंतर आला. चाचणी संपली, तुम्ही उतरलात आणि कुंपणाकडे बघितलंत. मला वाटलं, आता म्हणाल, 'ये, आता तुझी फेरी.' मी थर्मास खाली ठेवला. तुम्ही म्हणालात, 'चहा दे.' चहा प्यायलात आणि इंजिन पुसायला बसलात. मी थर्मास पुन्हा उचलला. एवढंच झालं.

मग मला वाटलं, आपण मागे बसायला मिळेल म्हणून इतकी वर्षं थांबलो, पण मागेच का? भट्टीत कोळसा कुठे आधी टाकायचा, पाणी कधी घालायचं, वाफ का उतरते, हे सगळं मी अकरा वर्षं रोज जेवताना ऐकते आहे. तुम्ही सांगत होतात, मी वाढत होते. ऐकत नव्हते असं तुम्हाला वाटलं का? हाताला सवय नव्हती, ती इथे झाली. माझ्या गुरुबाई म्हणतात, मनगट चांगलं आहे.

डब्याला दोन बैठका आहेत. पुढची माझी. मंडळाची परीक्षा असते ती देईन. तुम्ही मागे बसा. नियमच असेल तर आधी तुमच्याएवढी वाळू बसवून फेरी मारू. तुमचं वजन मला काट्यावर उभं न करता ठाऊक आहे.

मागे वारा फार लागतो. शाल तुमच्याकडेच आहे, ती झटकून ठेवा.

आणि वळणावर 'हळू' म्हणायला हरकत नाही. मी माणूस बसवते आहे.


१८ मार्च

प्रिय शास्त्रीबुवा,

तुम्हाला सगळं ठाऊक होतं. वाटाण्यांवरूनही मला कळलं नाही. मला वाटलं, हिची तब्येत बरी नाही.

उद्घाटन झालं. क्रमाने लिहितो.

परीक्षा आदल्या दिवशी. चिटणिसांनी आधी हरकत घेतली की मंडळाच्या घटनेत 'चालकाच्या पत्नीने मागे बसावे' अशी सोय आहे, 'चालिकेच्या पतीने' अशी नाही. त्यासाठी उपसमिती नेमली आहे. तिचा अहवाल पुढच्या वर्षी येईल, तोवर आम्हाला तात्पुरती परवानगी. मग प्रश्न. हिने सगळी उत्तरं दिली, तीसुद्धा माझ्या शब्दांत, माझ्याच आवाजातल्या चढउतारांसकट. मध्ये मी घसा खाकरतो तिथे हिने घसाही खाकरला. परीक्षक माझ्याकडे बघायला लागले. मी आकाशाकडे बघितलं.

दंतवैद्यांनी आमच्या डब्याभोवती भिंग घेऊन फेरी मारली आणि विचारलं, "हा कुठल्या मूळ गाडीचा?" ही म्हणाली, "माझ्या." त्यांनी वहीत तसं लिहून घेतलेलं मी पाहिलं.

वाळूची चाचणी हिने घेतली नाही. म्हणाली, "यांचं काय, सांडले तर पुन्हा भरू." मंडळी हसली. कुंपणाजवळ तेव्हा कोणी नव्हतं, पण मला ते कुंपण दिसत होतं. हसणं ओसरल्यावर मी हिला म्हणालो, "त्या दिवशी मी तुला बोलवायला हवं होतं." ही कोळसा चाळत होती. नव्या गाळणीने, जुनी मी घासूनपुसून स्वयंपाकघरात परत नेली, पण तिच्यातून चहा गाळायची कोणाची हिंमत नाही. ही म्हणाली, "बसा मागे. दाब आलाय."

मागून काहीच दिसत नाही, शास्त्रीबुवा. ज्या इंजिनासाठी अकरा वर्षं घातली त्याचं एक चाक दिसत नाही. दिसते ती हिची पाठ, कोळसा टाकताना बाहेर येणारं कोपर, आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर काळे झालेले ते बूट. ठिणग्यांनी शालीला दोन भोकं पडली. वाफ मात्र एकदाही उतरली नाही. माझ्या हाती ती कधी इतकी स्थिर राहिलेली नाही. ही बाब तांत्रिक आहे, म्हणून नोंदवतो.

चढावर मी म्हणालो, "कळ जरा कमी कर." ही म्हणाली, "चढावर कळ कमी करायची? तुम्हीच तर सांगता, नाही म्हणून." वळणावर मी म्हणालो, "हळू." पुढे बोगद्यात मी म्हणालो, "दिसतंय ना?" सपाटीला लागल्यावर मी पाण्याची आठवण केली, मग राखेची. हिने हात मागे करून थर्मास दिला.

पत्रिका काल आली. फोटो पहिल्या पानावर. ही ताठ बसलेली, तोंडावर काजळी, मुद्रा जग जिंकल्याची. मागे मी वाऱ्यामुळे शाल डोक्यावरून घेऊन वाकलेलो. खाली ओळ: 'नव्या चालिका, मागे चाचणीची वाळू.'

मी चिटणिसांना दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं होतं. हिने कागद माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या," म्हणाली. "ती वाळू सगळा वेळ बोलत होती, हे आपल्या दोघांना माहीत आहे ना?"

तुमचा,
भावोजी